हलक्या चाकाची गाडी

उकंडराव ड्रायव्हरांचा त्या गाडीवर राग बसला तो ती सोनाळ्यात यायच्या आधीच. मुंबईचा कोणी परदेशी साहेब आपल्या देशाला परत निघाला, जाताना मोटार विकून गेला आणि ती आपल्या भगवानरावांनी घेतली, एवढंच गावात कळलं होतं. तेवढं ऐकूनच उकंडराव पाराजवळ थुंकले आणि म्हणाले, "इंग्रजाचं उष्टं!" साहेब अमेरिकन होता, इंग्रज नव्हता. पण रागाला असला तपशील लागत नाही.

उकंडराव म्हणजे भगवानरावांच्या वडिलांच्या, मोठ्या मालकांच्या, काळचे ड्रायव्हर. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलं, उकंड्या. तरुणपणी सारा गाव त्यांना त्याच नावानं हाक मारायचा. मग लढाईच्या दिवसांत ते खामगावला कापसाच्या गाठींच्या ट्रकवर गेले, तिथं चाक धरायला शिकले आणि परत येऊन मोठ्या मालकांच्या मोटारीवर बसले. पहिल्यांदा चाकामागं बसले त्या दिवशी मालकांनी त्यांना 'उकंडराव' म्हटलं, आणि मालकांनी म्हटल्यावर गावाचीही जीभ वळली. वर्षाच्या करारावर वावरात राबणाऱ्या सालदाराला राव कोणी लावत नाही. आपला राव कुठून आला हे उकंडरावांना पक्कं ठाऊक होतं.

ती जुनी मोटार म्हणजे चाकांवर ठेवलेली कोठी होती. उभ्या गाडीत तिचं स्टेअरिंग फिरवायला दोन माणसं लागायची, आणि उकंडराव एकटे फिरवायचे. आठवडी बाजाराच्या गर्दीत गाडी वळवायची वेळ आली की ते बाह्या वर सारत, दातओठ खात, दंडाच्या शिरा टरारून वर येत, आणि लोक भाजीचा भाव विचारायचं सोडून तिकडं बघत राहत. खरं तर ती मोटार तेलपाण्याला नीट घेतली असती तर एवढी जड झाली नसती, पण मग बघायला कोण थांबलं असतं?

त्या जड चाकाचा उकंडरावांनी दुसराही उपयोग करून घेतला होता. भगवानरावांच्या पत्नी शालूबाई यांचं माहेर धाडचं, बुलढाण्याच्या पलीकडचं. म्हणजे सगळा जिल्हा ओलांडायचा आणि मधे राजूरचा घाट चढायचा. शालूबाईंनी माहेराचं नाव काढलं की उकंडराव मोटारीखाली शिरत आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणत, "वैनी, स्टेरिंग जाम होऊन राह्यलं. घाटात धोका आहे." मोटारीतलं घरात कोणाला काही कळत नव्हतं, त्यामुळे उकंडरावांचं 'जाम' हा शेवटचा शब्द. भगवानरावांच्या आई, गोजरबाई, मनातून खूशच असायच्या. सून माहेरी गेली नाही तर सासूचं काय अडतं? असं करत करत शालूबाईंच्या वडिलांचं दुखणं वाढलं, निरोप आला, आणि त्या दिवशीही स्टेअरिंग जाम निघालं. एसटी बदलत बदलत त्या धाडला पोचल्या तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती. त्यानंतर शालूबाई उकंडरावांशी कामापुरतंच बोलत, आणि तेही त्यांच्याकडे न बघता.

नवी गाडी माघ सरता सरता आली. लांबलचक, आभाळी रंगाची, मागं माशासारखे दोन पर, आणि स्टेअरिंग भलतीकडंच, डाव्या बाजूला. वाड्यापुढं लोकांची ही गर्दी. गाडी घेऊन आलेला मुंबईचा ड्रायव्हर तोंडानं मोठा चुरचुरीत होता. त्यानं इंजिन चालू ठेवलं, भगवानरावांना चाकामागं बसवलं आणि म्हणाला, "एका बोटानं फिरवा, साहेब."

भगवानरावांनी करंगळीशेजारचं बोट चाकाला लावलं आणि उभ्या गाडीची पुढची चाकं मातीत गर्रकन वळली. लोकांच्या तोंडून 'आं' निघालं.

"आत तेलाचा पंप आहे," मुंबईवाला म्हणाला. "इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. आपण चाकाला नुसतं सांगायचं, जोर तेल लावतं. पावर स्टेअरिंग म्हणतात याला."

"चाकाले सांगाचं?" उकंडराव मागून मोठ्यानं म्हणाले. "अन् त्यानं नाई आयकलं तं?"

माणसं हसली. मुंबईवाला हसला नाही. "ऐकतं. फक्त इंजिन चालू पाहिजे."

"मले चाक शिकवाले मुंबईहून आलं हे बेनं," असं पुटपुटत उकंडरावांनी पाठ फिरवली आणि ते गोठ्याकडं चालते झाले. त्यामुळे पुढचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या शालूबाईंनी मात्र ते नीट ऐकलं. मुंबईवाला सांगत होता, "इंजिन बंद झालं की पंप बंद. मग हेच चाक तुमच्या जुन्या मोटारीपेक्षा जड. चालत्या गाडीत किल्लीला हात लावायचा नाही, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव नव्या गाडीवर बसले. सगळा गाव बघायला. त्यांनी सवयीप्रमाणे बाह्या सारल्या, दात आवळले, आणि फाटकाशी वळण घेताना जुन्या मोटारीला लावायचे तसा अंगातला सगळा जोर चाकाला लावला. हलकं चाक भिरभिरत पार टोकाला गेलं. गाडी फाटकातून निघायच्या ऐवजी उडी मारल्यासारखी आडवी वळली आणि बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर जाऊन आदळली. एक दिवा फुटला, डोणी कलंडली आणि पाणी लोकांच्या पायांखालून वाहत गेलं. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. उकंडरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भगवानरावही हसले. हा माणूस तसा दुष्ट नव्हता, पण दोघांची झुंज लावून आपण लांबून बघायची त्याला भारी हौस. कोंबडे पाळत नव्हता, एवढंच. म्हणाले, "उकंडराव, पाडव्याले सालदाराईचे करार होतात. तुमचंही तवाच पाहू. गाडी जमली तं गाडी. नाई जमली तं संत्र्याच्या बागेत रखवालीले माणूस लागतेच आहे."

बागेतली रखवाली म्हणजे हातात काठी, डोक्यावर घोंगडी आणि दिवसभर माकडांना 'हुर्र' करणं. तिथल्या माणसाला राव लागत नव्हता.

इथंच संपलं असतं तरी उकंडरावांनी कसंबसं गिळलं असतं. पण त्याच संध्याकाळी शालूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मला शिकवा ही गाडी." भगवानरावांना गंमत वाटली. जुन्या मोटारीचा विषयच नव्हता, तिचं चाक बाईमाणसाच्या हातानं तसूभर हललं नसतं. हिला जोर लागत नाही, तर काय हरकत आहे? मुंबईवाल्याला त्यांनी आणखी काही दिवस ठेवून घेतलं आणि शालूबाईंचं शिकाऊ लायसन काढलं. गावाबाहेरच्या पांदीच्या वाटेवर ती आभाळी गाडी सावकाश चालू लागली. उकंडराव लिंबाखाली उभे राहून डोळे बारीक करून बघायचे. शालूबाईंच्या हातांत जोर नव्हता, म्हणून त्या चाकाला जोर लावायला जातच नव्हत्या. जेवढं वळण तेवढंच चाक. हिरव्या बांगड्या किणकिणायच्या आणि गाडी बोराटीच्या काट्यांना न लागता निघून जायची.

"रस्ता समजत नाई या गाडीत," उकंडराव दिसेल त्याला सांगायचे. "आपल्या मोटारीत गोटा आला तं हाताले कळे, रेती आली तं हाताले कळे. हे चाक मुकं आहे. एक दिवस खड्ड्यात नेऊन घालन अन् आपल्याले कळनही नाई."

आणि खरं सांगायचं तर यात ते खोटं बोलत नव्हते. तेल जोर लावतं तसंच ते रस्त्याचं बोलणंही मधेच खाऊन टाकतं. पण हे त्यांनी इतक्या जळक्या तोंडानं सांगितलं की कोणालाच ते पटलं नाही. लोक विचारायचे, "मंग डोणी कोनाले दिसली नाई, तुम्हाले का गाडीले?"

एका दुपारी वाडा झोपलेला असताना ते गुपचूप छपरीत जाऊन गाडीत बसले. इंजिन बंद होतं. त्यांनी चाक धरलं, आणि काय आश्चर्य, चाक जड! त्यांचं चाक! उकंडरावांनी ते घाम येईस्तोवर या टोकाचं त्या टोकाला नेलं. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी विचार केला आणि आयुष्यभराच्या अनुभवाला साजेसा निकाल काढला. उभ्या मोटारीचं चाक जड असतं आणि पळत्या मोटारीचं हलकं, हे तर कोणत्याही मोटारीचं असतं. या सटवीचं तेच, फक्त जरा जास्त. मुंबईवाल्याचं ते तेल आणि तो पंप, सगळी थापेबाजी.

फाल्गुनात धाडहून निरोप आला. शालूबाईंच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. या खेपेला स्टेअरिंग जाम आहे असं सांगायची सोय नव्हती. भगवानरावांनी झुंज लावायची संधी सोडली नाही. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "जातांना उकंडराव चालवतीन, येतांना तुम्ही चालवा. शिकाऊ लायसन आहे, तवा उकंडराव बाजूले बसतीनच. आई, तू मांगं बस अन् मले येऊन सांग, कोणाच्या हातानं तुह्या पोटातलं पानी हाललं नाई. पाडव्याले मी तेच धरीन."

गोजरबाईंनी पदर सावरला. त्या मोठ्या मालकांच्या बायको, नवऱ्याच्या पश्चात घरातला शेवटचा शब्द आपलाच असावा असं त्यांना वाटे आणि बहुतेक वेळा असायचाही. उकंडरावांना धीर आला. मोठ्या बाई आपल्याच. सून चाकामागं बसते हे त्यांना फुटक्या डोळ्यानं बघवत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

पण जाताना घोटाळा झाला तो झालाच. उकंडरावांनी जपून चालवायचं ठरवलं होतं, पण हात ऐकतील तर ना. संग्रामपूर मागं पडलं नाही तोच गाडी जराशी डावीकडं गेली की ते ओढून उजवीकडं आणत, ती उजवीकडं जास्तच जाई, मग परत डावीकडं. सरळ सपाट रस्त्यावर ती मोठी गाडी दारू प्यायल्यासारखी झुलत चालली. मलकापूरपर्यंत गोजरबाईंनी दाराची मूठ घट्ट धरून ठेवली. मोताळ्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि दार उघडून सकाळचं सगळं रस्त्यावर ओकल्या. उकंडराव पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"राहू द्या," गोजरबाई म्हणाल्या. "तुमचं चालवनं पाह्यलं."

शालूबाई पलीकडं बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण हसल्या असत्या तर उकंडरावांना कमी लागलं असतं.

धाडला उकंडराव ओसरीवर एका बाजूला बसून राहिले. आत बारशाची गडबड, पाळणे, हसणं. शालूबाई माहेरी एवढ्या हसतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. निघताना शालूबाई दारात लावलेल्या वडिलांच्या तसबिरीपुढं थोडा वेळ थांबल्या. मग येऊन चाकामागं बसल्या आणि उकंडरावांना म्हणाल्या, "बसा. आज स्टेअरिंग जाम नाही."

उकंडरावांच्या कानशिलाची शीर उडाली. ते बाजूला बसले. पुढची बैठक सलग होती, सोफ्यासारखी, त्यामुळे दोघांच्या मधे गिअरची दांडी आणि किल्ली एवढंच होतं.

बुलढाण्यापर्यंत काही झालं नाही, हेच उकंडरावांच्या दृष्टीनं वाईट होतं. गाडी सरळ चालली होती. गोजरबाई मागं आधी धाडला मिळालेल्या लुगड्याला नावं ठेवत होत्या, मग त्यांना डुलकी लागली, मग चक्क घोरायला लागल्या. उकंडराव त्या घोरण्याचा आवाज ऐकत बसले. प्रत्येक घोरण्यासरशी संत्र्याची बाग जवळ येत होती. आता घाट, घाटानंतर सपाट रस्ता, आणि घरी गेल्यावर म्हातारी काय सांगणार हे उघड होतं. जे करायचं ते घाटातच.

घाटाच्या डोक्यावर त्यांनी मुद्दाम मोठ्यानं खाकरून गोजरबाईंना जागं केलं. "मोठ्या बाई, घाट आला."

"आला काय? बरं."

"मोठे मालक असते तं इथंच इंजिन बंद कराले लावलं असतं," उकंडराव म्हणाले.

यात काही खोटं नव्हतं. त्या काळी जिल्ह्यातला एकही ड्रायव्हर राजूरचा घाट इंजिन चालू ठेवून उतरत नसे. ट्रक असो, जीप असो, डोक्यावर गाडी न्यूट्रल करायची, किल्ली बंद करायची आणि पायथ्यापर्यंत फुकटात उतरायचं. त्यात पेट्रोल वाचायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे ड्रायव्हरची ऐट दिसायची. मोठ्या मालकांचा तर तो नियमच होता. उताराला पेट्रोल जाळणाऱ्या माणसाला ते दिवसा कंदील लावणारा म्हणायचे.

गोजरबाई ताठ बसल्या. "खरंच व शालू, उताराले काऊन जाळून राह्यली तू पेट्रोल? बंद कर ते."

"ही गाडी बंद करता येत नाही, आत्याबाई," शालूबाई समोर बघत म्हणाल्या. "इंजिन बंद केलं की चाक हाताला येत नाही. मुंबईच्या माणसानं सांगितलंय."

"आयकलं का मोठ्या बाई?" उकंडराव मागं वळून हसले. "चाक हाताले येत नाई म्हणे! हातच तसे पाह्यजेत ना पन."

"मोठ्या मालकाच्या घरात राहून त्यांचाच नियम मोडतं?" गोजरबाईंचा आवाज चढला. "बंद कर म्हणते ना मी!"

"नाही करणार."

सुनेनं तोंडावर नाही म्हटलं. उकंडरावांच्या मनात आलं ते एवढंच, की म्हातारी चिडली आहे, आता तिचा शब्द मी पाळला तर ती माझी. शिवाय बाई घाबरेल, चाक सोडेल आणि मी धरीन. यात मरण असेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. पळत्या गाडीचं चाक हलकं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी एका हातानं दांडी न्यूट्रलला ढकलली आणि दुसऱ्यानं किल्ली फिरवली.

इंजिन निमूट झालं. खिडकीतून वाऱ्याचा आवाज तेवढा येऊ लागला, घाट उतरतानाचा उकंडरावांच्या ओळखीचा आवाज. "काय केलं तुम्ही?" शालूबाई ओरडल्या. समोर वळण होतं. रस्ता उजवीकडं डोंगराच्या पोटाशी वळत होता आणि सरळ पुढं चुना लावलेले दगड आणि त्यांच्या पलीकडं दरी. शालूबाईंनी चाक वळवलं. ते वळलं नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय दाबला. गाडीचा वेग थोडा कमी झाला, पण ती जड गाडी उताराच्या जोरावर होती. उकंडरावांनी झडप घालून चाक धरलं.

आणि त्या एका क्षणात रस्ता त्यांच्या हातात आला. खडी, खडीतली रेती, मधला उंचवटा, सगळं तळव्यांना कळलं, जसं वर्षानुवर्षं कळत होतं. आपलं चाक परत आलं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ओढलं, आणि छपरीत जे चाक घाम काढून का होईना फिरलं होतं ते इथं वाकड्या बैठकीत, बाजूनं धरून, बोटभर सरकेना. बावीस गावच्या बाजारात गाजलेले ते दंड थरथरायला लागले. चाक थोडं आलं. दगड त्याहून भराभर जवळ येत होते. मागं गोजरबाई "अंबाबाई, अंबाबाई" म्हणून किंचाळत होत्या. उकंडरावांना पहिल्यांदा भीती वाटली.

"हात सोडा!" शालूबाईंनी आपला उजवा हात चाकावरून काढून किल्लीला घातला. "सोडा हात, इंजिन लावते मी!"

सोडतात कसले! चाक सोडा असं आजवर त्यांना कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी पाय समोरच्या पत्र्याला टेकवले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. त्याच वेळी शालूबाईंनी किल्ली फिरवली, इंजिन घुर्रकन चालू झालं, पंपाचं तेल धावलं, आणि दगडासारखं चाक एकाएकी फुलासारखं झालं.

ते भिरभिरत टोकाला गेलं. गाडी दरीकडची डोंगराकडं उडी मारून वळली, रस्ता ओलांडून उजवीकडच्या नालीत तिचं पुढचं चाक गेलं आणि पुढचा कोपरा कातळावर आदळला. कातळाचा धक्का चाकातून उलटा आला. स्टेअरिंगची दांडी उकंडरावांच्या मनगटावर बसली आणि काडी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज गाडीचा नव्हता, हे त्यांना थोड्या वेळानं कळलं.

शालूबाईंच्या एका हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या होत्या. त्यांनी आधी इंजिन चालू असल्याची खात्री करून घेतली, हाताचा ब्रेक ओढला, मग मागं वळून विचारलं, "आत्याबाई, लागलं का?" गोजरबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यांनी मान हलवली. उकंडरावांना मात्र शालूबाईंनी काही विचारलं नाही.

खालून हॉर्न देत एसटी चढत आली आणि थांबली. गाडी आणखी थोडी सरळ गेली असती तर दरी, थोड्या वेळानं वळली असती तर ही एसटी. प्रवासी उतरून धावत आले. कंडक्टर मोताळ्याचा, सहदेव नावाचा तरणा गडी, उकंडरावांना ओळखणारा. "काय झालं उकंडराव? तुम्ही असून असं?"

उकंडरावांनी मोडलेला हात छातीशी धरला. बोलायला वाव होता आणि ऐकायला माणसंही होती. वीस वर्षांची सवय तोंडात आपोआप आली. "वैनीच्या हातून सुटली गाडी," ते म्हणाले. "म्या धरली म्हणून वाचलो. पा, मनगट गेलं माह्यं. विचार मोठ्या बाईले."

सगळ्यांनी गोजरबाईंकडं पाहिलं. त्या दार उघडून खाली उतरल्या होत्या आणि दगडांच्या पलीकडं दरीत बघत होत्या.

"चाबी कोनं फिरवली?" त्या वळून म्हणाल्या.

"मोठ्या बाई, तुम्हीच म्हणलं ना, बंद करा म्हणून..."

"मी म्हातारी, मी तं काईही म्हणन. मले काय समजते मोटारीतलं?" त्यांच्या आवाजात दया नव्हती. "तुले समजे म्हणून तुले ठेवलं होतं. तिनं नाई म्हणून सांगितलं. तरी तू हात घातला. मारत होता मले, माह्या नवऱ्याचं नाव घेऊन मारत होता!"

'तुले' हा शब्द उकंडरावांना आधी कळलाच नाही. मनगटाची कळ डोक्यात गेली होती. त्यांना एवढंच कळलं की म्हातारी चिडली आहे, घरी गेल्यावर शांत होईल, पाडव्याला अजून अवकाश आहे.

प्रवाशांनी रेटा देऊन गाडी नालीतून काढली. पुढचा पत्रा चेपला होता, पण स्टेअरिंगचं चाक मोकळं फिरत होतं. शालूबाईंनी बसून, इंजिन चालू ठेवून, एका बोटानं गाडी आडवी करून रस्त्याला सरळ लावली. एसटीतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. उकंडराव मोडका हात सांभाळत पुढच्या दाराकडं गेले. दाराशी गोजरबाई उभ्या होत्या. त्यांनी लुगड्याचा घोळ आवरला आणि त्या स्वतः सुनेशेजारी पुढं बसल्या. दार लावून घेतलं. मग खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणाल्या,

"उकंड्या, मांगं बस."

घाटात आवाज स्वच्छ गेला. उकंडरावांनी वळून पाहिलं, कोणी ऐकलं की काय. सगळ्यांनीच ऐकलं होतं. कंडक्टर सहदेवच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं. तो त्यांच्या मुलाच्या वयाचा, आजवर 'उकंडराव' म्हटल्याशिवाय तिकीटसुद्धा मागितलं नव्हतं त्यानं. त्याच्या एसटीला उशीर होत होता आणि ही गाडी रस्ता अडवून उभी होती.

"चाल न बे उकंड्या," तो म्हणाला, "बस लवकर. रस्ता मोकळा कर."

उकंड्या मागं बसला. शालूबाईंनी आरशात बघून दार नीट लागलं का ते पाहिलं आणि गाडी सोडली. घाटाच्या उतारावर इंजिन पायथ्यापर्यंत चालूच होतं.